उघडा निकाल, झाकलेलं नाव



आज मी तुम्हाला एका मुलीची गोष्ट सांगणार आहे, पण तिचं नाव सांगणार नाही. तुमच्यापैकी काहीजणींना ते माहीत असेल. कायद्याच्या पुस्तकात तिचा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो, शिबिरांतही आपण तो ऐकलेला असतो. तरी मी नाव घेणार नाही. का, ते शेवटी तुम्हालाच कळेल.

गोष्ट आहे कोर्टाच्या कागदांची. कोर्टातलं दप्तर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? फडक्यात बांधलेले गठ्ठे, धूळ, आणि ‘उद्या या’ म्हणणारा कारकून. ते कागद वकिलांचे, साहेबांचे, आपला त्यांच्याशी काय संबंध, असं आपल्याला वाटतं. पण ते कागद वाचायला मिळाले म्हणून या देशातला बायकांविषयीचा एक मोठा कायदा बदलला. आणि त्याच कागदांत एका मुलीचं नाव उघडं राहिलं म्हणून ते आजही लोकांच्या तोंडी आहे. कोर्टाचं काय उघडं असावं आणि काय झाकलेलं, हा प्रश्न त्या मुलीच्या गोष्टीतून नीट समजतो.

आधी मूळ नियम पाहू. आपल्याकडे कोर्ट हे उघडं असतं. फौजदारी खटल्याबद्दल कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की खटला चालतो ती जागा उघडं न्यायालय समजावी, आणि तिथे मावतील तितक्या लोकांना येता यावं. इंग्रजांच्या काळच्या कायद्यात हे होतं, आजच्या कायद्यातही आहे. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल उघड्या न्यायालयातच द्यायचा, असं आपल्या संविधानाच्या कलम 145 मध्ये म्हटलं आहे.

असं का केलं असेल? गावात जुन्या काळी तंटा चावडीवर, पारावर, चारचौघांसमोर सुटायचा. तिथे बायांना बोलायला जागा नसायची, जातीचा दाब असायचा, हे खरंच. पण एक गोष्ट तिथेही लोकांना कळत होती. न्याय देणाऱ्यावर चार लोकांची नजर असली की तो जरा जपून बोलतो. बंद दाराआड दिलेल्या न्यायावर कुणाचा विश्वास बसत नाही. कोर्टाचं दार उघडं ठेवण्यामागे हाच विचार आहे. न्यायाधीश आरोपीला तपासतात, आणि लोक न्यायाधीशांचं काम पाहतात.

आता त्या मुलीकडे येऊ.

साल 1972, मार्च महिन्याची 26 तारीख. ठिकाण देसाईगंज, ज्याला आपण वडसाही म्हणतो. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता, तो सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. मुलगी आदिवासी, आईबाप नसलेली, भावाजवळ राहणारी. दुसऱ्यांच्या घरी कामाला जायची. वय चौदा ते सोळाच्या मधलं. ती जिथे कामाला जायची, त्या घरच्या एका नातेवाईक मुलाशी तिचं जुळलं. भावाने पोलिसांत तक्रार दिली की माझ्या बहिणीला पळवलं. रात्री सगळ्यांना ठाण्यावर आणलं, जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास बाकीचे निघाले, तेव्हा तिला मात्र थांबवून घेतलं. ठाण्यातल्या एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि दारू प्यालेल्या दुसऱ्याने अंगचटीला जाऊन अत्याचार केला, असं तिने बाहेर येऊन सांगितलं. ठाण्याबाहेर लोक जमले होते. लोक हटले नाहीत, म्हणून तक्रार लिहून घेतली गेली.

त्यानंतर तीन कोर्टांनी तिची गोष्ट ऐकली आणि प्रत्येकाने ती वेगळी वाचली.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1 जून 1974 ला दोघांना सोडून दिलं. त्या कोर्टाने तिला खोटारडी ठरवलं. तिला शरीरसंबंधाची सवय होती, तेव्हा जे घडलं ते तिच्या संमतीनेच घडलं असणार, असं म्हटलं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 12 ऑक्टोबर 1976 ला तो निकाल फिरवला. त्या न्यायाधीशांचं म्हणणं असं की भीतीने गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. परके पुरुष, अंगावर पोलिसाची वर्दी, रात्रीची वेळ, आणि तिच्याच माणसांविरुद्ध तिथे तक्रार दाखल झालेली. अशा वेळी ती पोर काय विरोध करणार? एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली.

मग सर्वोच्च न्यायालयाने 15 सप्टेंबर 1978 ला पुन्हा दोघांना निर्दोष सोडलं. कारण काय? तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, ती ओरडली नाही, म्हणजे विरोध केला नाही, म्हणजे संमती होती. साडेसहा वर्षांनी खटला संपला. त्यापुढे कोर्ट नाही. गठ्ठा फडक्यात बांधला गेला.

इथे ही गोष्ट संपायची. अशा कितीतरी गोष्टी संपल्या आहेत आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नाही. पण निकाल उघडा होता. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल कायद्याच्या मासिकांत छापले जातात. त्यातलं एक मोठं प्रकाशन, ऑल इंडिया रिपोर्टर, आपल्या नागपूरहूनच निघतं. 1979 च्या अंकांत हा निकाल छापून आला. देशभरचे वकील आणि प्राध्यापक ती मासिकं वाचतात.

कायदा शिकवणाऱ्या चौघांनी हा निकाल वाचला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर हे दिल्लीचे, वसुधा धागमवार पुण्याच्या. वाचून ते अस्वस्थ झाले. 16 सप्टेंबर 1979 ला, म्हणजे निकालाला एक वर्ष झाल्यावर, त्यांनी देशाच्या सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. खुलं म्हणजे पाकिटात बंद न करता सगळ्यांना वाचता येईल असं.

त्या पत्रात त्यांनी साधे प्रश्न विचारले. शरण जाणं आणि संमती देणं यात फरक नाही का? रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, गरीब, निरक्षर, कोवळ्या वयाची मुलगी, हे न्यायालयाच्या ध्यानात का आलं नाही? तिला त्या वेळी ठाण्यात थांबवून घेतलं, याबद्दल न्यायालयाने पोलिसांना एक शब्दही का ऐकवला नाही? त्याच 1978 साली नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात याच न्यायालयाने स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्याबद्दल नापसंती दाखवली होती. सत्पथी या ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री. माजी मुख्यमंत्र्यांना एक न्याय आणि रानातल्या पोरीला दुसरा का, असा तो सवाल होता.

विचार करा, हे प्रश्न कसे विचारता आले? निकालाचा कागद हातात होता म्हणून. कोर्टाने काय ठरवलं एवढंच त्यात नव्हतं, का ठरवलं हेही त्यात लिहिलेलं होतं. ती कारणं वाचल्याशिवाय चूक दाखवता येत नाही. ‘आरोपी सुटले’ एवढीच बातमी कानावर आली असती, तर लोक दोन दिवस हळहळले असते आणि विसरले असते.

पत्र हातोहात फिरलं, वर्तमानपत्रांत आलं. 1980 च्या सुरुवातीला मुंबईत बायकांनी ‘फोरम अगेन्स्ट रेप’ नावाचा मंच उभा केला. 8 मार्च 1980 ला मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली आणि आणखी कितीतरी शहरांत बाया रस्त्यावर आल्या. खटला पुन्हा ऐका अशी मागणी झाली. ती काही मान्य झाली नाही, आरोपी सुटले ते सुटलेच. पण कायदा आयोगाने त्याच वर्षी अहवाल दिला आणि 1983 मध्ये संसदेने कायदा बदलला.

काय बदललं? पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग किंवा दवाखान्याचे कर्मचारी यांनी आपल्या ताब्यातल्या बाईवर बलात्कार केला, तर किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. अशा खटल्यात शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि ‘माझी संमती नव्हती’ असं बाईने कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने संमती नव्हती असंच धरून चालायचं. संमती होती हे दाखवायचं ओझं आरोपीवर आलं.

आणि आणखी दोन गोष्टी बदलल्या. आजच्या आपल्या विषयाशी त्यांचाच संबंध आहे.

पहिली, बलात्काराचा खटला ‘इन कॅमेरा’ चालवायचा. हा शब्द ऐकून पुष्कळजणींना वाटतं की कोर्टात कॅमेरा लावून सगळं चित्रित करणार. तसं नाही. जुन्या लॅटिन भाषेत कॅमेरा म्हणजे खोली. इन कॅमेरा म्हणजे बंद खोलीत. बघ्यांना तिथे प्रवेश नाही. बाईला जे सांगताना जीव नकोसा होतो, ते ऐकायला बाकावर गावगुंड येऊन बसायचे, हसायचे, खाकरायचे. ते बंद करायचं, हा हेतू.

दुसरी गोष्ट, जिच्यावर अत्याचार झाला तिचं नाव किंवा तिची ओळख पटेल असा कुठलाही मजकूर छापणं, प्रसिद्ध करणं हा गुन्हा झाला. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. भारतीय दंड संहितेत ते कलम 228 अ होतं. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला, त्यात ते कलम 72 आहे. आकडा बदलला, गुन्हा तोच आहे.

आता माझ्या मनातली सल सांगते. हा कायदा त्या मुलीच्या खटल्यामुळे आला, पण तिला त्याचा उपयोग झाला नाही. तिचं नाव निकालपत्रात छापलं गेलं होतं, मासिकात आलं होतं, मोर्च्यांच्या घोषणांत गेलं होतं. आपण बायकांनीच ते फलकांवर लिहिलं. मायेने लिहिलं, रागाने लिहिलं, तिच्या बाजूने लिहिलं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षांनी पत्रकार तिचा माग काढत तिच्या दारात पोहोचले. तोवर तिचं लग्न झालेलं, लेकरं झालेली, मजुरी करून पोट भरणं चाललेलं. देशाचा कायदा बदलला, पण तिच्या हाती त्यातलं काय पडलं? दर वेळी कुणी नाव घेतलं की ती रात्र पुन्हा दारात उभी.

म्हणून मी आज तिचं नाव घेतलं नाही. आणि बघा, गोष्ट सांगायला ते लागलंही नाही. तारखा सांगितल्या, कोर्टं सांगितली, निकालातली कारणं सांगितली. तुम्हाला सगळं समजलं. आजच्या विषयाचं मर्म हेच आहे. निकाल आणि त्यामागची कारणं उघडी हवीत, कारण त्यात न्यायाधीशांचं आणि सरकारचं वागणं दिसतं. सोसलेल्या बाईचं नाव झाकलेलं हवं, कारण त्यात लोकांनी तपासावं असं काहीच नसतं.

झाकण्याची ही कल्पना कोर्टांना अगदी नवी नव्हती. 1964 साली मुंबई उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा एक दावा चालला होता. ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांच्यावर कृष्णराज ठाकरसी यांनी तो लावला होता. त्यात एक व्यापारी साक्षीला आले. माझी आधीची साक्ष पेपरात छापून आल्यामुळे माझ्या धंद्याला फटका बसला, असं त्यांनी सांगितलं. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी त्यांची साक्ष छापू नये असं तोंडी सांगितलं. त्याविरुद्ध चार पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांतले एक नरेश श्रीधर मिरजकर, म्हणून तो खटला मिरजकरांच्या नावाने ओळखला जातो. नऊ न्यायाधीशांपुढे तो चालला. 1966 मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. न्याय उघड्यावर व्हावा हाच नियम, पण उघड्यावर न्यायच होऊ शकणार नसेल, तर न्यायालयाला दार लोटून घेण्याचा अधिकार आहे, असा त्याचा अर्थ. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांना मात्र ते पटलं नाही. असा आदेश देण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही, असं त्यांचं मत पडलं.

हे दोन खटले शेजारी ठेवून पाहा. व्यापाऱ्याचा धंदा बुडेल म्हणून त्याच्या साक्षीवर पडदा टाकायचं कोर्टाला 1964 मध्ये सुचलं. अनाथ पोरीचं नाव 1978 मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाच्या निकालात सरळ छापलं गेलं. पडदा कुणासाठी टाकायचा, हे तो कुणाला मागता येतो यावर ठरत होतं. त्या पोरीला मागता आला नाही. 1983 च्या कायद्याने न मागताच तो द्यायचा असं ठरवलं.

त्यानंतरही कोर्टांना हे पुन्हा पुन्हा बजावावं लागलं. 1996 मध्ये गुरमीत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बलात्काराचा खटला बंद दाराआड चालवणं हाच नियम माना, अपवाद नव्हे. 11 डिसेंबर 2018 ला निपुण सक्सेना खटल्यात त्याहून पुढे जाऊन सविस्तर सूचना दिल्या. पेपर, टीव्ही, मोबाईल, कुठेही नाव येता कामा नये. नुसतं नाव टाळून भागत नाही. गाव, शाळा, बापाचं नाव, घराचा फोटो, ज्यावरून ती कोण हे कळेल असं काहीही नको. आणि पोलिसांनी नाव असलेले कागद शक्यतो सीलबंद पाकिटात ठेवावेत, लोकांच्या नजरेला पडणाऱ्या दप्तरात नाव काढलेली प्रत ठेवावी. पुन्हा तेच दिसतं. प्रकरण उघडं, नाव लाखेच्या मोहरेखाली.

पण मैत्रिणींनो, लखोटा दोन कामांसाठी बंद होतो. एक दुबळ्याला सांभाळायला, दुसरं जबरदस्ताची गोष्ट दडवायला. बाहेरून दोन्ही लखोटे सारखेच दिसतात, म्हणून आपल्याला फरक करता आला पाहिजे.

केरळमध्ये मीडिया वन नावाची मल्याळी बातम्यांची वाहिनी आहे. 2022 च्या जानेवारीत केंद्र सरकारने तिच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं. कारण विचारलं तर देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे एवढंच उत्तर. उच्च न्यायालयात सरकारने सीलबंद लखोटा दिला. न्यायाधीशांनी तो वाचला आणि वाहिनी हरली. वाहिनीच्या लोकांना आत काय लिहिलंय हे कळलंच नाही. आता सांगा, आपल्यावर आरोप काय तेच माहीत नसेल तर उत्तर काय देणार? सासूने नवऱ्याच्या कानात काही सांगावं आणि नवऱ्याने आपल्याला काही न विचारता घराबाहेर काढावं, तसंच झालं हे.

5 एप्रिल 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी सांगितलं की काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात हे खरं, पण ‘सुरक्षा’ हा शब्द उच्चारला की सगळं झाकलं, असं चालणार नाही. किती झाकणं खरोखर गरजेचं आहे हे तपासावं लागेल. नाजूक तेवढा मजकूर काढून बाकीचा देता येतो, सारांश देता येतो. समोरच्या माणसाला उत्तर देण्याची संधी मिळालीच पाहिजे.

म्हणून कुणी म्हणालं की हे गुप्त आहे, तर तीन प्रश्न विचारायचे. हे झाकल्याने कोण सुरक्षित होतं? ज्याच्याविरुद्ध हा कागद वापरला जातोय, त्याला तो वाचायला मिळाला का? आणि एक नाव झाकून भागत असताना आख्खा कागद का झाकलाय?

आता रोजच्या उपयोगाचं बोलू. गटाच्या बैठकीत हे वाचून दाखवा.

पोलिसांत तुम्ही तक्रार दिली की एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे. गोपनीय आहे म्हणून देत नाही, असं तक्रार देणाऱ्या बाईला कुणी सांगू शकत नाही. साधारण गुन्ह्यांचे एफआयआर पोलिसांना संकेतस्थळावर टाकावे लागतात, तसं 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. मात्र लैंगिक अत्याचाराचे आणि तसे नाजूक गुन्हे त्यातून वगळले आहेत. म्हणजे तिचा कागद गावाला दिसणार नाही, तिला मिळेल.

घरातल्या हिंसेच्या 2005 च्या कायद्याखाली न्यायाधीशांनी जो आदेश दिला, त्याची प्रत बाईला मोफत द्यायची असते, पोलीस ठाण्यालाही द्यायची असते. कलम 24 मध्ये तसं लिहिलं आहे. आदेश कोर्टात पडून आहे आणि पोलीस म्हणतात आम्हाला माहीत नाही, असं झालं तर हे कलम दाखवा. याच कायद्यात खटला बंद खोलीत चालवा असं तुम्ही मागू शकता. कुटुंब न्यायालयात तर दोघांपैकी एकाने मागितलं तरी बंद खोलीत चालवावंच लागतं.

बंद खोली म्हणजे बाई आत एकटी, असंही नाही. बलात्काराच्या खटल्यात अर्ज केला तर न्यायाधीश एखाद्या माणसाला आत राहायची परवानगी देऊ शकतात. लहान मूल असेल तर त्याच्या आईबापाला किंवा त्याचा विश्वास असलेल्या माणसाला जवळ राहता येतं. गटातली एखादी ताई बाहेरच्या बाकावर बसून राहिली, तरी आतलीला धीर येतो.

कोर्टाचा निकाल हवा असेल तर नक्कल मागायची. नक्कल विभागात अर्ज करायचा, फी भरायची, सही-शिक्क्याची नक्कल मिळते. खटल्यात आपण पक्षकार नसलो तर कशासाठी हवी ते सांगून परवानगी मागावी लागते. आपल्याला माहिती अधिकाराची सवय आहे, ग्रामपंचायतीत आपण तो वापरतो. पण कोर्टातल्या खटल्याच्या कागदांसाठी तो चालत नाही, कोर्टाच्या स्वतःच्या नियमानेच नक्कल मागायची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवलं आहे. म्हणून तिथे माहिती अधिकाराचा अर्ज देऊन महिने घालवू नका. आणि प्रत्येक खटल्याला सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो वहीत लिहून ठेवा. त्या क्रमांकावरून पुढची तारीख आणि झालेले आदेश मोबाईलवर बघता येतात.

कामाच्या ठिकाणी त्रास झाला आणि समितीकडे तक्रार केली, तर 2013 च्या कायद्याचं कलम 16 लक्षात ठेवा. तक्रार, नावं, चौकशी यांतलं काही बाहेर सांगायचं नाही. पण बाईला न्याय मिळाला, ही गोष्ट तिची ओळख न देता सांगायला मुभा आहे. मला हे कलम फार आवडतं. उघडं काय आणि झाकलेलं काय, हे त्यात चार ओळींत नीट मांडलंय.

आणि शेवटचं आपल्याच घरचं. गावात असं काही घडलं की दुसऱ्या दिवशी मोबाईलवर पोरीचा फोटो फिरायला लागतो. ‘न्याय द्या’ असं वर लिहिलेलं असतं, फुलं असतात, मेणबत्त्या असतात. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण तो गुन्हा आहे. ती हयात नसली तरी गुन्हा आहे. आईबापांनी हो म्हटलं तरी आपल्याला तिचं नाव लावता येत नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. सज्ञान बाईला स्वतःचं नाव उघड करायचं असेल, तर ती स्वतः लेखी परवानगी देऊ शकते. तिच्या नावाची किल्ली कायद्याने तिच्या हातात दिली आहे.

त्या 1972 च्या मुलीला ही किल्ली कुणी दिली नाही. तिच्या निकालाचा कागद उघडा होता म्हणून आपल्या लेकींना कायदा मिळाला, हे तिचं आपल्यावरचं ऋण आहे. ते फेडायचा एकच मार्ग मला दिसतो. उद्या तुमच्या तालुक्याच्या कोर्टात अशा कुठल्या खटल्याचा निकाल लागला, तर त्याची नक्कल मिळवा. गटात बसून वाचा. न्यायाधीशांनी कारण काय दिलं ते एकमेकींना समजावून सांगा. पटलं नाही तर वकिलाला विचारा, वरच्या कोर्टात काय करता येईल ते पाहा. आणि वाचताना जिथे जिथे तिचं नाव येईल, तिथे बोट ठेवा आणि ‘ती’ म्हणून पुढे जा.